सारजाकाकीचं आठवं कडवं

पणदऱ्याच्या त्या लग्नात सारजाला स्टेजच्या पायरीवर अडवलं गेलं, आणि अडवलं ते परक्या कुणी नाही, तिच्या सासूनं. द्वारकाबाईंनी तिचा दंड घट्ट धरला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "तू कुठं निघालीस? मागं चल माज्यासंगं."

सारजा वीस वर्षं असल्या पायऱ्या चढत आलेली बाई. वडगाव निंबाळकर हे तिचं सासर. तिथून पार पणदऱ्यापर्यंत ज्या घरात लग्न निघेल, त्या घरातलं माणूस आधी भटजींकडं जायचं आणि तिथून सरळ सारजाकडं. वधूवरांची, मामांची, आत्यांची नावं गुंफून ती मंगलाष्टकं रचायची आणि अंतरपाटाशेजारी माईक धरून स्वतःच म्हणायची. एक डोळा भटजींच्या घड्याळावर असायचा. मुहूर्ताला मिनिटभर उरलं असेल तर 'सावधान' असं काही लांबवायची, की अक्षता टाकून मोकळी झालेली माणसं पुन्हा मूठभर मागून घ्यायची. यादीतलं एखादं नाव राहिलं तर रुसवे व्हायचे, जेवणं अडायची, म्हणून यादी तीनतीनदा वाचून घ्यायची. एकदा ऐन लग्नात जनरेटर बंद पडला, तर तिनं माईक खाली ठेवून उघड्या गळ्यानं पाच कडवी म्हटली होती. कारण सुरू झालेलं मंगलाष्टक मध्ये तोडायचं नसतं, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मग दोन वर्षांमागं तिचा नवरा दीपक उसाला पाणी देता देता बांधावरच गेला. तेव्हापासून सारजाला पत्रिका यायच्या, माईक मात्र येईना. विधवा बाईनं मंगलाष्टक म्हणायचं म्हणजे काय! तोंडावर कुणी बोललं नाही. सगळ्यांनी नुसतं बोलावणं बंद केलं. गावाला हे छान जमतं.

तर ती सासूमागून मांडवाच्या टोकाला जाऊन बसली. तिथं म्हाताऱ्या विधवांची एक रांगच होती. आणि स्पीकरच्या बॉक्समधून मंगलाष्टक सुरू झालं. आवाज सारजाचा होता.

ती ताडकन उभी राहिली. बॉक्स होते तिच्या दिराचे, युवराजचे. दीपकचा हा धाकटा भाऊ, मंडप आणि साऊंडचा धंदा करणारा. चार वर्षांपूर्वी दिग्विजय नावाच्या कुणा नवरदेवाच्या लग्नात त्यानं तिचा आवाज मोबाईलवर भरून ठेवला होता, आणि आता तेच लग्नोलग्नी वाजवत होता. नावं यायची तिथं त्यानं मोबाईलवरच कात्री चालवलेली. प्रत्येक कापलेल्या जागी 'टक्' असा आवाज यायचा. त्यातून तिसऱ्या कडव्यातला एक दिग्विजय त्याच्या हातून सुटलेला, त्यामुळं नवरदेव कुणीही असो, मांडवात दिग्विजय एकदा हजेरी लावून जायचाच. पोरं खिदळायची. मागं जनरेटर घरघरत होता, आणि सारजाचा भरदार आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा ऐकू येत होता.

सारजाच्या डोक्यात तिडीक गेली. बाई अपशकुनी आणि तिचा गळा तेवढा शुभ? हा कुठला न्याय?

संध्याकाळी तिनं युवराजला अंगणात गाठलं. दोघांची घरं एकाच अंगणात, मध्ये फक्त गोठा.

"भावजी, माजा आवाज कुणाला इचारून लावता तुमी?"

"अवो वैनी, घरचाच आवाज हाय. इचारायचं काय त्यात?" युवराज वायरीची वेटोळी करत म्हणाला.

"मग घरची बाई मागं का बसली?"

"ती रीत हाय. मी काढली व्हय रीत? आईला इचारा." मग वेटोळं खांद्याला अडकवून तो हसला. "आन् खरं सांगू का वैनी? आता बाईची गरजच न्हाय. मेमरी कार्ड टाकलं की झालं काम."

शिव्या दिल्या असत्या तर सारजा विसरली असती. हे वाक्य ती विसरली नाही.

तिची मुलगी रोहिणी बारामतीला कॉम्प्युटर शिकून पुण्यात नोकरीला लागलेली. तिचा जुना लॅपटॉप घरी कपाटात साड्यांखाली पडून होता. सारजानं तो बाहेर काढला आणि फोन लावला. घरच्या घरी आवाज भरायचं, त्याखाली तानपुरा लावायचं, कापायचं, जोडायचं असं सॉफ्टवेअर असतं, आणि ते फुकट मिळतं, हे रोहिणीनं तिला सांगितलं.

"फुकट? मंग काय तरी खोट असंल त्यात."

"खोट न्हाय गं आई. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. कुनीबी घ्यावं, वापरावं."

सारजाला हे काही पटेना. तिच्या डोळ्यांदेखत चार सख्खे भाऊ मिळून एक विहीर सांभाळू शकले नव्हते. पण रोहिणीनं पुण्यातून फोनवर एकेक बटण सांगत ते लॅपटॉपवर उतरवून घेतलं, आणि सारजा त्यापुढं मांडी घालून बसली.

पहिला महिना म्हणजे निव्वळ मारामारी. सारजाला मांडवाचा माईक ठाऊक. तशी ती छाती भरून गायली आणि पडद्यावरची हिरवी पट्टी लालभडक झाली. ऐकते तर सगळा आवाज फाटलेला. मग कुणी एक हिंदी बोलणारा पोरगा व्हिडिओत सांगायचा, की माईकपासून वीतभर लांब बसा, लालच्या खालीच राहा. त्याचं ऐकलं. मग फोनमधला तानपुरा लॅपटॉपवर भरून घेतला आणि तो मोठ्यानं लावून त्यावर गायली, तर तोच तानपुरा माईकमधून पुन्हा आत शिरला. तेव्हा कानाला हेडफोन आला. तो पोरगा म्हणाला, तालाची टिकटिक लावल्याशिवाय संगीत सुरूच करू नका. तिनं टिकटिक लावली आणि मंगलाष्टक असं निघालं, की शाळेत कवायत चाललीय. वधूवरांनी एक-दोन, एक-दोन करत हार घालायचे की काय! तिनं त्या पोराला चार सणसणीत शब्द ऐकवले, टिकटिक बंद केली आणि आपल्या श्वासावर म्हणायला लागली.

दुश्मन बाहेरही होतेच. शेजारची कडबाकुट्टी, दुधाच्या गाडीचा हॉर्न, गोठ्यातल्या दोन जर्सी गाई, आणि सगळ्यांच्या वर द्वारकाबाई. "येडी झालीस का? दार लावून कुणाशी बोलतीस?" असं त्या खिडकीतून बरोबर चौथ्या कडव्याला ओरडायच्या. सारजानं शेवटी वेळ शोधून काढली. दुपारी दोन ते चार शेतीची थ्री-फेज वीज जाते, विहिरीवरच्या मोटारी बंद पडतात, गाई बसून रवंथ करतात आणि सासू झोपते. त्या दोन तासांत ती दोरीवर गोधड्या टाकून त्यांच्या आडोशाला घामाघूम होत गायची. तरीही मागं पंख्याची, कशाची तरी घुंई राहायचीच. त्यावर सॉफ्टवेअरात एक नामी सोय होती. कुणी गात नसताना नुसती घुंई वाजते, तेवढा तुकडा निवडायचा, हा आवाज नकोसा आहे असं सांगायचं, की सगळ्या गाण्यातून तेवढाच निघून जातो. सारजा ते बटण बघून दहा मिनिटं खूश होती. युवराजचा असा एक तुकडा निवडता आला असता तर! पण हे बटणही जास्त दाबलं की गळा विहिरीच्या तळातून आल्यासारखा होतो, हे तिला दोन दिवस वाया घालवल्यावर कळलं. एकदा सगळं झकास जमलं आणि तिनं रोहिणीला पाठवलं, तर तिकडं उघडेचना. गाणं बाहेर काढायचं वेगळं बटण असतं, नुसतं जपून ठेवलं तर ते फक्त त्याच लॅपटॉपला समजतं. हे आधी सांगायला काय झालं होतं?

पण चार महिन्यांत तिच्या कानाला जे कळलं, ते वीस वर्षांत कळलं नव्हतं. मांडवात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कुठं ऐकू येतो? समोर गलका, मागं बॉक्स. हेडफोनमध्ये ती स्वतःला सोलून ऐकायला लागली. कुठं श्वास चोरतो, कुठं ओळीचं शेपूट गिळतो, कुठं नुसता जोर आहे आणि माया नाही, सगळं ऐकू यायचं. ती पुसून पुन्हा म्हणायची.

अशात युवराजच्या छकुलीचं लग्न ठरलं. मुलगा पळसदेवचा, अविराज नावाचा, माणसं भली. लग्न इंदापूर रस्त्यावरच्या मोठ्या लॉन्सवर. तालुक्याची बडी मंडळी येणार, आणि त्यांच्यापुढं दिग्विजय ऐकवून कसं चालेल? युवराज गोठा ओलांडून आला. हातात यादी होती.

"वैनी, छकुलीसाठी नवीन म्हणून द्या. तुमी घरातच भरता म्हनं. रोहिणी सांगत होती, लई भारी भरता."

सारजानं यादी घेतली. कारखान्याचे चेअरमन, दोन संचालक, बाजार समितीतले कुणी, मामा, मावसे, व्याही. दीपकचं नाव नव्हतं.

"पोरीच्या थोरल्या चुलत्याचं नाव राहिलंय भावजी."

"शुभकार्यात गेलेल्याचं नाव कशाला वैनी?"

"आन् चुलतीचं?"

युवराज जरा वरमला. पण जराच. "तुमी आईसंगं मागं बसा. लोकं असत्यात, कशाला उगं बोलाचाली? तुमचा आवाज हाय की म्होरं."

"बरं," सारजा म्हणाली.

एवढ्या सरळपणे 'बरं' म्हणणाऱ्या बाईची भीती वाटायला हवी. युवराजला ती वाटली नाही, इतका तो स्वतःवर खूश होता.

सात कडवी तिनं अशी बांधली, की कुणी नाव ठेवू नये. यादीतलं एकेक नाव ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं बसवलं. राहिलं आठवं. ते आशीर्वादाचं, त्यात कुणाचं नाव नसतं, म्हणून त्याला कुणी विचारतही नाही. पहिल्या रागात तिनं त्यात युवराजचे वाभाडे काढले. चांगलं वृत्तात, यमकासकट. भरलं, हेडफोन लावला आणि ऐकलं. ऐकताना तिलाच नको झालं. ती नळावर भांडणारी बाई होती, आणि ते सगळं पडणार होतं छकुलीच्या डोक्यावर. ह्या पोरीला सारजानं बोट धरून चालायला शिकवलं होतं. दीपक गेला तेव्हा आईबापाला न जुमानता पंधरा दिवस काकीजवळ झोपली होती ती. सारजानं ते कडवं पुसून टाकलं आणि त्या दिवशी पुन्हा माईकला हात लावला नाही. तीन दिवसांनी तिनं दुसरं रचलं. ते एकाच दमात म्हटलं आणि एकदाही कापलं नाही.

युवराजला पेन ड्राइव्ह दिला. त्यानं दारातच लावून बघितलं. पहिलं ऐकलं, दुसऱ्यात चेअरमनसाहेबांचं नाव नीट आलंय का ते ऐकलं, आणि "एक नंबर वैनी" म्हणून बंद केलं. मंगलाष्टकं शेवटपर्यंत ऐकतो कोण? सगळ्यांचं लक्ष जेवणाकडं.

लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा. लॉन्सवर हजारभर माणूस. सारजा आणि द्वारकाबाई अगदी मागं, स्वयंपाकाच्या पत्र्याला लागून. शेजारी खरकट्या भांड्यांचा ढीग आणि त्यावर माश्या. द्वारकाबाई मुठीत अक्षता धरून सरळ बसल्या होत्या, जणू हीच त्यांची मानाची जागा. आता उठून पळत जावं आणि तो पेन ड्राइव्ह उपसून काढावा, असं सारजाला दोनदा वाटलं.

मंगलाष्टक सुरू झालं. काय आवाज लागला होता! ना घरघर ना टक्. तानपुऱ्यावर एकटा गळा, स्वच्छ, भरलेला. गडबड करणारी माणसं गप्प झाली. आपलं नाव आलं तसे चेअरमन ताठ बसले. मामा लोकांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. युवराज स्टेजच्या कडेला उभा राहून असा मिरवत होता, जसा काही स्वतःच गातोय. सहावं झालं, सातवं झालं. मग आठवं लागलं.

"काकीचा बघ कंठ फक्त रुचला, काकी नको वाटली,
ती मागे बसली, जिथे खरकटी भांडी तशी ठेविली.
पोरी, सौख्य तुला मिळो, घर भरो, राहो उभी तू पुढे,
मागे ना बसवो कधी कुणि तुला, कुर्यात् सदा मंगलम्!"

पहिल्या ओळीला लोकांना उमगलं नाही. दुसऱ्या ओळीला युवराजचा चेहरा उतरला आणि त्यानं साऊंडवर बसलेल्या माणसाला बंद कर म्हणून हात केला. त्या माणसानं बटणाकडं हात नेला, तोच भटजी स्टेजवरून खेकसले, "थांब! मध्ये तोडू नको!" सगळ्या स्टेजनं त्या माणसाकडं असं पाहिलं, की त्यानं हात मांडीखाली घातला. स्वतःच्या लेकीचं मंगलाष्टक अर्ध्यावर तोडायची छाती युवराजचीही नव्हती. उरलेल्या दोन ओळी त्याला स्वतःच्याच बॉक्समधून, स्वतः पाहुण्यारावळ्यांना दाखवायला मुद्दाम वाढवलेल्या आवाजात, मान खाली घालून ऐकाव्या लागल्या. आणि मग आलं ते 'सावधान'. जुन्या दिवसांसारखं लांबवलेलं, न संपणारं.

हजार माणसांनी माना मागं वळवल्या. कित्येकांच्या अक्षता हातातच राहिल्या. अंतरपाट खाली आला आणि छकुली नवऱ्याकडं बघायचं सोडून टाचा उंचावून मागं बघायला लागली. वाजंत्री लावायचं त्या साऊंडवाल्याला सुचलंच नाही.

सारजा आता सासूचं तोंड कधी सुटतंय याची वाट बघत होती. घर बुडवलंस, नाक कापलंस, जे यायचं ते येऊ दे. तिच्याजवळ एकेकाला उत्तर तयार होतं.

द्वारकाबाईंनी सावकाश मान वळवली. डोळ्यांत पाणी बिणी काही नव्हतं, नुसता जाळ होता.

"सारजे, सव्वीस वरसं झाली तुजा सासरा जाऊन. सव्वीस वरसं मी मागं बसतीया. ह्या युवराजच्या, पोटच्या पोराच्या लग्नाला मी हितंच, भांड्यांपाशी बसले."

द्वारकाबाईंनी मुठीतल्या अक्षता घट्ट आवळल्या.

"त्यातली वीस वरसं तू म्होरं माईक घेऊन गात हुतीस. कदी मागं वळून बघितलंस, सासू कुठं हाय ते? आन् आज लिवलंस तरी सोताचंच लिवलंस. माजं नाव का न्हाय घातलंस?"

यादी तीनतीनदा तपासणारी बाई ती, कुणाचंही नाव तिच्याकडून कधी राहिलं नव्हतं. आणि शेजारी बसलेलं माणूस तिला चार महिने रागाच्या भरात दिसलंच नव्हतं. त्याच्या आधीची वीस वर्षंही दिसलं नव्हतं. तिला लाज वाटली, चांगली कानापर्यंत लाज वाटली.

"चुकलं आत्याबाई."

"चुकलंच. आता ऊठ. माजा गुडगा उचलत न्हाय."

सारजानं हात दिला. द्वारकाबाई उठल्या आणि माणसांच्या मधून सरळ स्टेजकडं चालायला लागल्या. लोक बाजूला होत गेले. पायऱ्यांशी युवराज आडवा आला. त्याच्या कानशिलावरची शीर तटतटली होती.

"आई, तू कुठं निघालीस? आन् वैनी, तुमाला तर मी नंतर बघतो. घराची अब्रू..."

"नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्यात मला. सर बाजूला."

"आई, रीत हाय..."

"रीत मी पाळली तवर हुती. तुला काय ठावं रं रीत? तू तर बॉक्स लावनारा." मग सारजाकडं न बघताच त्या म्हणाल्या, "आन् तू लई हुरळून जाऊ नगंस. घरी गेल्यावर तुज्याशी मी बोलनार न्हाय. म्होरल्या लग्नात पैलं नाव माजं घालायचं."

युवराज सरकला. द्वारकाबाईंनी पायरीवर पाऊल ठेवलं आणि आधाराला सारजाचा दंड धरला. पणदऱ्याला धरला होता तोच दंड, आणि तेवढ्याच जोरानं. नखं रुतली, सारजाला दुखलं, पण तिनं हात सोडवून घेतला नाही. दोघी पायऱ्या चढून वर गेल्या.